मंजूर पदे, कार्यरत पदे आणि शिक्षकाविना वर्ग

शिक्षकभरतीची बातमी आली की तिच्यात एक आकडा हमखास असतो: राज्यात इतकी पदे रिक्त. हा आकडा बहुधा खरा असतो, पण त्यावरून वर्गात काय चालले आहे ते कळत नाही. पुण्यातल्या पेठेतल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून माझी नोकरी झाली. पगारपत्रके, संचमान्यतेची (शाळेला किती शिक्षकपदे मंजूर, याची) माहिती, बिंदुनामावलीचे (आरक्षणानुसार पदांच्या क्रमाचे) तक्ते, वैयक्तिक मान्यतेच्या फायली हे सगळे माझ्याच टेबलावरून गेले, आणि त्यातून एक गोष्ट पक्की समजली. रिक्त पद म्हणजे शासनाने मंजूर केलेले, पण भरले न गेलेले पद. जे पद मंजूरच झाले नाही ते रिक्तही ठरत नाही. पहिली ते पाचवीच्या एखाद्या शाळेत दोन शिक्षक असतील आणि मंजूर पदेही दोनच असतील, तर सरकारदरबारी त्या शाळेत एकही जागा रिकामी नसते. पाच इयत्तांपैकी तीन इयत्तांपुढे मात्र कोणत्याही क्षणी शिक्षक उभा नसतो.

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि १२१ ते २०० मुलांना पाच असे प्रमाण दिले आहे. मुलांची संख्या १५० च्या वर गेली की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीसाठी कायद्याची अट अधिक स्पष्ट आहे. तेथे प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींसाठी शिक्षक उपलब्ध हवेत. याच कायद्याच्या २६ व्या कलमानुसार मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांपेक्षा अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई केली आहे. कागदावर हे सगळे चांगलेच आहे. पण दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघरी हिंडत असेल, किंवा प्रशिक्षणाला, केंद्रसंमेलनाला, पंचायत समितीत माहिती द्यायला गेला असेल, त्या दिवशी पाचही इयत्ता एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. निवडणुकीचे काम कायद्याने दिलेलेच असते, त्यामुळे तक्रार करायलाही वाव नसतो.

पद मंजूर कसे होते, हे शिक्षणक्षेत्राबाहेरच्या वाचकाला फारसे माहीत नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दरवर्षी ३० सप्टेंबरची विद्यार्थीसंख्या आधारभूत धरली जाते. ती शाळेने ऑनलाइन भरायची, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांनी तपासायची, आणि पुढे तिच्यावरून त्या शाळेला किती शिक्षक मिळणार याचा हिशेब होऊन संचमान्यतेचा कागद हाती यायचा. तो कागद येईपर्यंत बहुधा ते शैक्षणिक वर्ष सरलेले असते. म्हणजे यंदाच्या मुलांसाठी शिक्षक गेल्या वर्षीच्या किंवा त्याच्याही आधीच्या मुलांच्या संख्येवर ठरतात. पटसंख्या स्थिर असलेल्या गावात याने फारसे बिघडत नाही. वाघोली, मांजरी, धायरी, हिंजवडी अशा ठिकाणी, जेथे एका वर्षात एखादी वसाहत नव्याने उभी राहते, तेथे हा कागद येतानाच जुना झालेला असतो.

त्यात आधारची भर पडली. ज्या विद्यार्थ्याचे आधार वैध तोच संचमान्यतेला धरायचा, असे धोरण आल्यापासून मुख्याध्यापकांचा आणि लिपिकांचा मोठा वेळ नावातली वेलांटी, जन्मतारीख आणि बोटांचे ठसे जुळवण्यात जाऊ लागला. बोगस पटसंख्या रोखण्याचा हेतू रास्त होता. खोटी पटसंख्या दाखवून तुकड्या टिकवणाऱ्या संस्था आपल्या राज्यात होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुण्याच्या कडेच्या शाळांत बांधकामावरच्या मजुरांची मुले मोठ्या संख्येने येतात. त्यांचे आधार कधी काढलेलेच नसते, कधी दुसऱ्या राज्यातल्या नावाने असते, कधी त्यावरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. असे मूल वर्गात बसते, पोषण आहार घेते, हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण शिक्षकाच्या पदासाठी ते मोजले जात नाही. ज्या मुलांना शिक्षकाची सर्वाधिक गरज, तीच मुले या हिशेबातून आधी गळतात.

१५ मार्च २०२४ रोजी शासनाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर तेथे नियमित शिक्षकाचे पद मंजूर होणार नाही, अशी तरतूद त्यातून पुढे आली आणि तिला शिक्षक संघटनांनी तीव्र विरोध केला. वर दिलेली कायद्यातली अट, प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, या निकषाशेजारी ठेवून वाचली तर दोन्ही एकाच राज्यात एकाच वेळी कशी लागू असू शकतात, हे मला तरी उमगत नाही. शासनाची बाजू अशी की इतक्या थोड्या मुलांसाठी तीन-तीन शिक्षक देणे परवडत नाही. ती बाजू हास्यास्पद नाही. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा आहेत आणि त्यांचा खर्च दर मुलामागे मोठा आहे, हे खरे. त्यावर सुचवला गेलेला उपाय म्हणजे समूहशाळा, आणि २०२३ मध्ये राज्यभरातून तसे प्रस्ताव मागवताना जी दोन उदाहरणे पुढे केली गेली त्यांत आपल्याच जिल्ह्यातले पानशेत होते. दुसरे नंदुरबारमधले तोरणमाळ. पानशेतला आजूबाजूच्या वाड्यांतली मुले वाहनाने एका मोठ्या शाळेत आणली गेली. तेथे वर्गाला शिक्षक आहे, सोबतीला मुले आहेत, आणि दोन-चार मुलांच्या शाळेत एकटे बसण्यापेक्षा ते नक्कीच बरे. पण वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका, मुळशी आणि भोर यांच्या डोंगरी वाड्या ज्याने पावसाळ्यात पाहिल्या आहेत, त्याला गाडी रोज तेथपर्यंत पोहोचेल हे गृहीत धरता येत नाही. गाडी न आलेल्या दिवशी ते मूल घरी बसते आणि मुलगी असेल तर अधिकच सहजपणे बसवले जाते. समूहशाळा काढायची तर आधी रस्ता आणि गाडीचा कायमचा खर्च अर्थसंकल्पात दिसला पाहिजे. आधी शिक्षकाचे पद काढून घ्यायचे आणि गाडीचे नंतर बघायचे, हा क्रम मला मान्य नाही.

शहरात नेमके उलटे चित्र दिसते. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा या पेठांतल्या मराठी माध्यमाच्या जुन्या शाळांचा पट गेली पंचवीस-तीस वर्षे उतरत आहे. कुटुंबे कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता, मांजरी इकडे गेली आणि जी उरली त्यांची नातवंडे इंग्रजी शाळांत गेली. तुकड्या बंद पडतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांचे समायोजन होईपर्यंत शाळेत सर्वांचे चेहरे पडलेले असतात. ज्याने वीस वर्षे गणित शिकवले तो शिक्षक एका यादीत नाव येऊन उठतो आणि कोणत्या शाळेत पाठवला जाईल याची वाट पाहत बसतो. त्याच वेळी दहा-पंधरा किलोमीटरवर गणिताला शिक्षक नसलेली शाळा असते. ती जिल्हा परिषदेची असेल तर खासगी अनुदानित संस्थेतला हा शिक्षक तेथे सहजासहजी जात नाही, कारण नियुक्ती प्राधिकारी वेगळा, सेवाज्येष्ठता यादी वेगळी, बिंदुनामावली वेगळी. महापालिकेचे तिसरेच खाते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली तेव्हा गावांबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळाही शहराच्या हद्दीत आल्या, पण त्या शाळा, त्यांच्या इमारती आणि त्यांचे शिक्षक कोणाचे, हा प्रश्न पुढे रेंगाळत राहिला. एकाच शहरात तीन व्यवस्थापने शेजारी शेजारी असतात आणि शिक्षकांची मोजणी मात्र तिन्हींची स्वतंत्र होते, त्यामुळे संपूर्ण पुण्यात गणिताचे शिक्षक पुरेसे आहेत की नाहीत, या साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणीही बांधील नाही.

आता भरतीकडे येतो. २०१० मध्ये राज्यात प्राथमिक शिक्षण सेवकांसाठी सामाईक परीक्षा झाली. त्यानंतर मोठी भरती थांबली. २ मे २०१२ रोजी शासनाने अनुदानित शाळांतील भरतीवर बंदी घातली, कारण आधी अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन करायचे होते. समायोजन संपले नाही आणि बंदीही संपली नाही. मधल्या काळात संस्थांनी केलेल्या नेमणुकांना मान्यता मिळेना. काही शिक्षक वर्षानुवर्षे विनावेतन शिकवत राहिले आणि कार्यालयात येऊन मला विचारत राहिले की फाइल कुठवर आली. ती कुठवर आली हे मला ठाऊक असे, पण पुढे कधी सरकेल हे कोणालाच ठाऊक नसे.

खासगी संस्थांत नेमणुकीसाठी देणगी घेतली जाते, ही उघड गोष्ट होती. त्यावर उपाय म्हणून शासनाने ‘पवित्र’ हे संगणकीय पोर्टल आणले आणि शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी सुरू केली. ही २०० गुणांची परीक्षा पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि तिसऱ्यांदा २०२५ च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोन परीक्षांमधले पाच वर्षांचे अंतर लक्षात घ्यावे. जो विद्यार्थी २०१८ मध्ये डी.एड. झाला त्याला भरतीच्या दारापर्यंत जायलाच पाच वर्षे थांबावे लागले, आणि या काळात त्याचे वय वाढले, लग्न झाले, घरचे कर्ज वाढले. एकेकाळी गुणवत्ता यादी लावून भरणारी डी.एड. विद्यालये त्यानंतर ओस पडली आणि अनेक बंद झाली, याचे आश्चर्य वाटायला नको.

दोन लाखांहून अधिक उमेदवारांनी २०२३ ची चाचणी दिली. तिच्या आधारे राज्यात २१,६७८ पदांच्या जाहिराती आल्या. त्यांपैकी मुलाखतीशिवाय भरायची पदे १६,७९९ होती आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जी यादी लागली तिच्यात ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली. उरलेल्या साडेपाच हजारांहून अधिक जागांचे काय झाले, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. दोन लाख माणसे रांगेत असताना जागा रिकामी राहतेच कशी? तर काही जागा माजी सैनिक, अंशकालीन कर्मचारी, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त अशा समांतर आरक्षणाच्या असतात आणि त्या त्या प्रवर्गात, त्या माध्यमात, त्या विषयाचा पात्र उमेदवार मिळत नाही. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाच्या जागांना विज्ञान पदवीधर हवा असतो, आणि पुण्यात विज्ञानाचा पदवीधर शिक्षक होण्याआधी अनेकदा दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. समांतर आरक्षणाच्या जागा उमेदवार न मिळाल्यास इतरांसाठी खुल्या करण्याची पद्धत आहे, पण ती पुढच्या फेरीत. पुढची फेरी म्हणजे पुन्हा प्रतीक्षा.

या प्रतीक्षेचे पुण्यात एक ठरलेले ठिकाण आहे. शिक्षण आयुक्तालय सेंट्रल बिल्डिंगमध्ये असल्यामुळे नांदेड, बीड, यवतमाळ, नंदुरबार येथून अभियोग्यताधारक उमेदवार तेथे येऊन धरणे धरतात, यादी लावा म्हणून घोषणा देतात आणि संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत परततात. पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची आपली सवय आहे. शिक्षक होण्यासाठी पात्र ठरलेल्या माणसाला या माहेरी पदपथावर बसावे लागते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणीच्या मार्गदर्शक पुस्तकांच्या थप्प्या लागलेल्या असतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे शिक्षकभरतीतून ज्यांना नियमित उत्पन्न मिळते असा ती पुस्तके छापणाऱ्या-विकणाऱ्यांचा एकच वर्ग आहे.

परीक्षांवरचा विश्वासही अधूनमधून डळमळला. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार उघड केला, परीक्षा परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत अटका झाल्या आणि पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडी तयार करून न नेमलेल्या शिक्षकांचे पगार काढल्याचे प्रकरण बाहेर आले. शालार्थ म्हणजे पगाराची संगणकीय प्रणाली. तिच्यात एक नाव घालण्यासाठी आमच्यासारख्या कार्यालयाला किती कागद, किती सह्या आणि किती खेटे लागत हे आठवले की त्या बातमीने मी अवाक झालो.

पगाराचा विषय आता उरला, आणि माझ्या मते टंचाईचे मूळ तेथे आहे. महाराष्ट्रात शिक्षक म्हणून निवड झाली तरी पहिली तीन वर्षे माणूस शिक्षक नसतो, शिक्षण सेवक असतो. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत त्याला वेतनश्रेणी नसते, ठरावीक मानधन असते. ते प्राथमिकला दरमहा ६ हजार, माध्यमिकला ८ हजार आणि उच्च माध्यमिकला ९ हजार असे कित्येक वर्षे राहिले. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६ हजार, १८ हजार आणि २० हजार झाले. वाढ मोठी दिसते, कारण आधीची रक्कम लाजिरवाणी होती. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये आहे, माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे ३८,६०० रुपये, आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे वेगळे. प्राथमिकचा शिक्षण सेवक तेच वर्ग घेतो, त्याच परीक्षा घेतो, निवडणुकीलाही तोच जातो. नुसत्या मूळ वेतनाशी तुलना केली तरी दरमहा १३,२०० रुपयांचा फरक पडतो आणि तीन वर्षांत तो पावणेपाच लाखांच्या वर जातो. लिपिकाच्या सवयीने मी आणखी एक ढोबळ हिशेब केला. शिफारस झालेले ११,०८५ जण सगळे प्राथमिकचेच आहेत असे धरले, तर भत्ते सोडून नुसत्या मूळ वेतनावर शासनाची वर्षाला १७५ कोटींहून अधिक बचत होते. भरती लांबली तर तीही बचत, आणि भरती झाली तर पहिली तीन वर्षे ही बचत. घाई करावी असे वित्त विभागाला कशासाठी वाटेल?

माझी भाची याच यादीतून राजगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत लागली. ती धायरीला राहते आणि रोज दुचाकीने घाट चढून जाते. गावात राहायला खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी नवऱ्याची नोकरी आणि मुलाची शाळा पुण्यात. मध्यंतरी घरी आली असता मी तिला तिच्या खर्चाचा हिशेब विचारला. ती हसून म्हणाली, “मामा, पेट्रोल आणि पाळणाघर वजा केले की जे उरते त्याला पगार म्हणायचे की खाऊचे पैसे, ते तुम्हीच ठरवा. पण सोडणार नाही. सात वर्षे वाट पाहिली आहे.” तिच्या शाळेत ती आणि मुख्याध्यापिकेचे काम पाहणाऱ्या एक ज्येष्ठ बाई, अशा दोघीच आहेत. बाईंना पंचायत समितीत बोलावले की भाची पहिलीला अक्षरे गिरवायला देते, चौथी-पाचवीला पाढे लिहायला लावते आणि मधल्या दोन वर्गांना वाचन. तीन वर्षे संपली की तीही बदलीच्या पोर्टलवर अर्ज करण्याचा विचार करणार आहे, आणि अवघड क्षेत्रातली तिची जागा पुन्हा रिकामी होईल. तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पानशेतच्या पलीकडे राहून शिकवणाऱ्याला शहरात राहून शिकवणाऱ्यापेक्षा ठसठशीत अधिक पैसे आणि राहायला नीट घर मिळत असते, तर तिने कदाचित वेगळा विचार केला असता.

हे काही नवे म्हणणे नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्याहून इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाचे किमान वेतन दरमहा १२ रुपये असावे आणि मोठ्या गावांत ते १५ ते २० रुपये असावे, अशी मागणी केली होती. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगर धरायची त्यांना लाज वाटू नये, आणि जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्यांना पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचवले होते. त्यांची आणखी एक सूचना आज वाचताना गंमत वाटते. शिक्षकाला गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल पाहणे अशी कामे जोडून द्यावीत, म्हणजे गावात त्याचा दर्जा वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. जोडकामे आज शिक्षकाला भरपूर मिळाली आहेत. त्यांतल्या एकाही कामाने त्याचा गावातला दर्जा वाढलेला माझ्या पाहण्यात नाही.

शिक्षण सेवकाची तीन वर्षे तरी संपतात. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची वर्षे मोजायलाही कोणी नव्हते. ‘कायम विनाअनुदानित’ या अटीतला ‘कायम’ हा शब्द शासनाने २००९ मध्ये काढला, तेव्हा आता पगार सुरू होईल असे वाटून या शिक्षकांनी पेढे वाटले होते. प्रत्यक्षात अनुदान २० टक्क्यांच्या टप्प्यांनी आणि वर्षांच्या अंतरांनी येत गेले. चाळीस टक्के टप्प्यावरच्या शिक्षकाला पगाराच्या चाळीस टक्के रक्कम मिळते आणि काम शंभर टक्के करावे लागते. जुलै २०२५ मध्ये हे शिक्षक ऐन पावसात मुंबईच्या आझाद मैदानावर बसले, त्यानंतर पुढच्या टप्प्याचा निधी देण्याचे आश्वासन मिळाले. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा तर विषयच वेगळा. तेथील पगाराबद्दल पुण्यातल्या स्टाफरूममध्ये जे बोलले जाते ते कोणत्याही पगारपत्रकावर सापडणार नाही.

रिकाम्या जागांवर तात्पुरते उपाय दरवर्षी होतात. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपयांवर बोलावण्याचा निर्णय झाला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांवर डी.एड., बी.एड. धारकांना १५ हजार रुपयांच्या कंत्राटावर घेण्याचे ठरले, त्यावर भावी शिक्षक चिडले आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निर्णय मागे घेतला गेला. पुण्यासह अनेक महापालिकांच्या शाळांत ठरावीक मुदतीच्या मानधनावर शिक्षक नेमले जातात. अशा नेमणुकीचा आदेश जूनमध्ये यायला हवा. तो उशिरा आला की तोवर मुलांची पहिली घटक चाचणी जवळ आलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये मुदत संपली की तो शिक्षक निघून जातो आणि मुले पुढच्या वर्षी नव्या माणसाची वाट पाहतात. पहिली-दुसरीत वाचायला शिकणाऱ्या मुलाला एकच बाई सलग दोन वर्षे मिळण्याचे मोल किती, हे कोणत्याही आईला विचारावे.

या सगळ्यावर १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी, आणि ज्यांची उरलेली सेवा पाच वर्षांहून कमी आहे त्यांना नोकरीत राहता येईल पण पदोन्नती मिळणार नाही, असा त्याचा सारांश. पात्रतेचा आग्रह चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या नातवाला शिकवणाऱ्या बाईंना अपूर्णांक नीट यायला हवेत. पण १९९८ मध्ये त्या वेळच्या नियमाने लागलेल्या, पंचवीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाला पन्नाशीत बहुपर्यायी परीक्षेला बसवले आणि तो काही गुणांनी मागे राहिला, तर २०२७ मध्ये ती जागा कोण भरणार, हा प्रश्न पात्रतेपेक्षा वेगळा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये या निकालाच्या आणि संचमान्यतेच्या निकषांच्या विरोधात शिक्षक संघटनांनी राज्यभर शाळा बंद ठेवल्या. मागण्या दोन वाटतात, पण परिणाम एकाच वर्गखोलीत जाणवणार आहे: एका बाजूने पदे कमी मंजूर होतील आणि दुसऱ्या बाजूने असलेले शिक्षक कमी होतील.

भरती शासनाने करायची आहे आणि पगार वित्त विभागाने द्यायचा आहे. त्या दोन्ही बाबतींत पालक म्हणून किंवा नागरिक म्हणून आपल्या हाती फार नाही. मोजणी मात्र आपल्या हाती आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती ठेवणे बंधनकारक केले आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने दर महिन्याला चार रकान्यांचा एक तक्ता शाळेच्या फलकावर लावावा: कायद्यानुसार हवे असलेले शिक्षक, संचमान्यतेत मंजूर शिक्षक, प्रत्यक्ष कार्यरत शिक्षक, आणि महिनाभरात शिक्षक वर्गाबाहेरच्या कामाला गेले ते दिवस. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला फरक आजवर कोणत्याही बातमीत आलेला मी पाहिला नाही, आणि चौथा रकाना तर कोणी भरतच नाही. आमच्या भागातल्या महापालिका शाळेच्या समितीला मी हा तक्ता आखून दिला आहे. मुख्याध्यापकांनी पहिले तीन रकाने भरून द्यायचे मान्य केले. चौथ्याबद्दल वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाले आहेत. समितीतल्या पालकांनी तो रकाना स्वतःच भरायचे ठरवले आहे, कारण त्या दिवशी मुले घरी येऊन काय सांगतात ते त्यांना माहीत असते.